धोटा चालूच होता

मल्लेशम पडला तेव्हा
त्याचा माग चालूच होता.
बावीस मागांच्या खडखडाटात
एक माणूस खाली आला
तर त्याचा आवाज तो किती होणार.

टॉवेल विणला जात राहिला, निळ्या किनारीचा.
नशीब, कांडी संपत आली होती.
ती संपली, माग थांबला,
तेव्हा मी वळलो.

मी जॉबर. बिघाड ऐकणं माझं काम.
कुठल्या मागाचा पट्टा सैल आहे
ते भद्रावती पेठेच्या या शेडमध्ये
डोळे मिटून सांगतो.
माणसाचा बिघाड कुठल्या कानानं ऐकायचा
ते कुणी शिकवलं नव्हतं.

कुणी म्हणालं मिरगी. कुणी म्हणालं ऊन,
एप्रिलची दुपार, वर पत्रा.
एकानं चप्पल आणली.
कांदा मी फोडला, मुठीनं, आणि धरला नाकाशी.
तो घुर्र करायचा. मग काही नाही.
मग बऱ्याच वेळानं पुन्हा घुर्र.
"श्वास चालू आहे," मी म्हणालो,
मोठ्यानं, सगळ्यांना धीर यावा म्हणून.

ते वाक्य अजून रात्री मला उठवतं.

अनसूयाक्का कांडी मशीनवरून धावत आली.
माझा हात कांद्यासकट बाजूला सारला.
खांदे हलवले, "मल्लेशम, ओ मल्लेशम!"
मग छातीकडे बघत राहिली,
तापत्या दुधाकडे बघावं तशी, पापणी न हलवता.
"हा श्वास नव्हे.
तलाव आटला की काठावरचा मासा
असंच तोंड उघडतो.
एकशे आठ लाव. फोन स्पीकरवर ठेव.
पोराला गेटवर उभं कर, गल्ली चुकतात ते."

गेल्या पावसाळ्यात आरोग्य केंद्रात
नर्सबाईंनी तिला हे उशीवर शिकवलं होतं.
आम्ही हसलो होतो तेव्हा:
काय अक्का, उशी वाचली का?

"माग बंद करा," मालक ओरडला.
"सात नंबर राहू दे," ती म्हणाली.
सात नंबर. रोज माझ्या शिव्या खाणारा म्हातारा,
मिनिटाला एकशे दहा ठोके,
कितीही तेल पाज, त्याच्या पुढं जात नाही.
त्याच्या ठोक्यावर तिनं छातीच्या मधोमध
तळहाताची टाच ठेवली, वर दुसरा हात, कोपर ताठ.
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.
दोन इंच खाली. पुरतं वर येऊ द्यायचं. पुन्हा खाली.
आत काहीतरी कट् करून मोडलं.
मी तोंड फिरवलं. ती थांबली नाही.

"दमले. आता तू."

माझ्या हातांना पान्याची सवय.
पाना घसरला तर पुन्हा लावता येतो.
त्याच्या शर्टावर सुताचा भुगा,
माझा घाम त्यावर टपटपत होता,
आणि दाबता दाबता मला आठवत काय होतं,
तर त्यानं दसऱ्याला नेलेले चारशे रुपये.
लाज वाटली. हात चालू ठेवले.
मग अक्का. मग मी. मग अक्का.

अकरा मिनिटांनी गाडी आली.
त्यांनी छातीला दोन पट्ट्या चिकटवल्या,
"कुणी हात लावू नका" म्हणाले,
मल्लेशम एकदा उडाला. थोड्या वेळानं पुन्हा.
एकानं मानेवर बोटं ठेवली
आणि डोकं हलवलं. होकाराचं की नकाराचं,
मला कळलंच नाही.

ते गेल्यावर सात नंबर मी स्वतः बंद केला.
एवढी शांतता शेडमध्ये
दिवाळीच्या सुट्टीतसुद्धा नसते.
कांदा तिथंच पडला होता.

मल्लेशम आता गेटवर खुर्ची टाकून बसतो.
माग नको म्हणालेत डॉक्टर.
हसताना अजून बरगडी धरतो
आणि अक्काला म्हणतो, हळू दाबायचं की गं.
चारशे रुपये दिलेले नाहीत.
मी मागितलेही नाहीत.
फक्त तो बोलत असला
की माझी नजर त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर जाते.
वर येतं. खाली जातं. वर येतं.

"काय बगालास बे?"

काही नाही, म्हणतो.
सूत लागलंय तुझ्या शर्टाला.